पाड्यापासून कचेरीपर्यंत

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

सूर्यमाळ हे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकलं असेल ते थंड हवेचं ठिकाण म्हणून. मोखाडा तालुक्यातलं, खोडाळ्याच्या बाजूचं हे उंच पठार. हिवाळ्यात पहाटे धुकं असतं, पावसाळ्यात सगळे डोंगर हिरवे होतात. मुंबई-नाशिकची मंडळी गाडीतून येतात, फोटो काढतात आणि संध्याकाळी परत फिरतात. आज मी आपल्याला याच भागात नेणार आहे, पण सहलीला नाही. आपल्याला एका माणसाबरोबर चालायचं आहे.

हा माणूस कल्पनेतला आहे. त्याच्या वाटेतल्या अडचणी मात्र कल्पनेतल्या नाहीत. असं समजा, की सूर्यमाळच्या आसपासच्या एका पाड्यावर तो राहतो. पाडा म्हणजे मुख्य गावापासून सुटी असलेली पंधरा-वीस घरांची वस्ती. लहानपणी पोलिओ झाला, एक पाय अधू राहिला. कुबडी घेऊन तो अंगणात फिरतो, बसून करायची सगळी कामं करतो. त्याला एका दाखल्यासाठी तालुक्याच्या कचेरीत जायचं आहे. धडधाकट माणसाचं हे एका दिवसाचं काम. या माणसाच्या वाटेवर किती ठिकाणी अडायला होतं आणि त्यातला कोणता अडथळा कधी, कोणी, कसा दूर करायचा प्रयत्न केला, हे पाहिलं की आपल्या राज्यातल्या एका मोठ्या, पण फारशा न सांगितल्या गेलेल्या लढ्याचा इतिहासच समोर येतो.

सुरुवात घरापासून करू. गंमत अशी की त्याच्या कुडाच्या घरात त्याला फारसं अडत नाही. जमीन सारवलेली, उंबरा बेताचा, जिना नाहीच. पायऱ्यांवर पायऱ्या रचून इमारत उंच करायची आणि मग आत कसं शिरायचं याची चिंता करायची, ही शहरातली रीत. पाड्यावर अडचण सुरू होते ती अंगण संपल्यावर. आधी खाचराचा निसरडा बांध, मग ओहोळ, मग चढ, आणि मग कुठेतरी डांबरी सडक. पावसाळ्यात ओहोळ भरला की धडधाकट माणूससुद्धा थांबतो.

अशा वेळी जव्हार-मोखाड्यात पिढ्यान्‌पिढ्या एकच साधन आहे. ते म्हणजे झोळी. एक मजबूत बांबू, त्याला बांधलेली चादर किंवा घोंगडी, आत माणूस आणि बांबूला खांदा देणारे दोघे. वाट लांबची असेल तर बदली म्हणून आणखी दोघे. वर्तमानपत्रांत याला डोली म्हणतात. दर पावसाळ्यात अशी बातमी आपण वाचतो. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातल्या एका बाळंतिणीला रस्त्याअभावी डोलीतून न्यावं लागलं, तिची जुळी बाळं वाचली नाहीत. त्या बातमीनं सगळा महाराष्ट्र हळहळला होता.

माणसानं माणसाला वाहून नेण्याचा आपल्याकडचा इतिहास फार जुना आहे. राजेरजवाडे, सरदार पालखी-मेण्यातून जात, आजारी माणूस झोळीतून जाई. दोन्हींत यंत्र एकच होतं, ते म्हणजे दुसऱ्याचा खांदा. घारापुरीच्या पायऱ्यांवर आजही वृद्ध प्रवाशांसाठी खुर्चीची डोली असते. माथेरानला माणूस ओढतो त्या रिक्षा चालत आल्या. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ही प्रथा माणसाच्या प्रतिष्ठेला धरून नाही असं ठरवून सहा महिन्यांत ती थांबवायला सांगितलं आणि त्या जागी ई-रिक्षा आणायला सांगितल्या. रायगडावर १९९६ साली रोपवे झाला. पुढे वणीच्या सप्तशृंगी गडावर रुळांवरून चढणारी ट्रॉली आली. गड चढू न शकणारे हजारो लोक त्यामुळे आपल्या दैवताच्या आणि इतिहासाच्या जवळ पोहोचले.

झोळीत माया आहे यात शंका नाही. शेजारच्या माणसासाठी चिखलातून चार-पाच किलोमीटर खांदा देणारे लोक आहेत म्हणून कित्येक जीव वाचले. पण थोडा विचार करा. झोळी कधी उचलली जाते? जिवावर बेतलं तरच. सर्पदंश झाला, बाळंतपण अडलं, ताप उतरेना, तर चौघं आपली मजुरी बुडवून धावतात. पण आपल्या या माणसाला खोडाळ्याच्या बाजाराला जायचं असेल तर? ग्रामसभेला, मित्राच्या लग्नाला, नुसतंच चार माणसांत बसायला जायचं असेल तर? त्यासाठी झोळी कोणी उचलत नाही, आणि तोही कोणाला तसं म्हणणार नाही. म्हणजे मरणाच्या दारी असला तरच त्याला घराबाहेर पडायची सोय. माणूस बाहेर पडतो त्या नव्वद टक्के कारणांसाठी त्याला वाटच नाही. माझ्या मते या साऱ्या विषयाचं मर्म इथे आहे.

बरं, समजा तो कसाबसा सडकेवर आला. आता एसटी. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. त्याच वर्षी जव्हारचं मुकणे घराण्याचं संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. पुढे घाटाघाटांतून लाल गाडी या डोंगरात आली आणि तिनं बाजार, शाळा, दवाखाना जवळ आणला. या गाडीचं ऋण ग्रामीण महाराष्ट्र विसरणार नाही. अपंग प्रवाशांना एसटीनं भाड्यात ७५ टक्के सवलत दिली, गाडीत राखीव आसनं ठेवली. पण त्या आसनापर्यंत जायचं कसं? गाडीची जमीन रस्त्यापासून सुमारे मीटरभर उंच. पहिली पायरी इतकी वर की म्हातारी माणसं आधी हात टेकतात, मग गुडघा. कुबडीवाल्याला कंडक्टर किंवा एखादा प्रवासी काखेत धरून वर घेतो. म्हणजे पुन्हा खांदाच. सवलत तिकिटाला मिळाली, पायरीला मिळाली नाही.

हे कोणाच्या दुष्टपणामुळे झालं नाही. अपंगत्वाकडे पाहण्याची आपली दृष्टीच बराच काळ वेगळी होती. स्वातंत्र्याच्या आसपासच्या काळात या क्षेत्रातलं मोठं काम होतं ते उपचाराचं. आपल्या लहान मुलीला पोलिओ झाल्यावर फातिमा इस्माईल यांनी मद्रासचे डॉ. किणी यांच्याकडे तिच्यावर उपचार करवून घेतले, स्वतः ते शिकून घेतले आणि १९४७ साली मुंबईत इतर मुलांसाठी दवाखाना काढला. मुंबईला हाजी अलीजवळ उभ्या राहिलेल्या मुलांच्या अस्थिरोग रुग्णालयामागे त्यांचीच धडपड होती. १९५५ मध्ये तिथेच पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था सुरू झाली. मग १९६८ च्या सुमारास जयपूर फूट आला. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी असा पाय घडवला की तो लावून अनवाणी चालता येतं, उकिडवं बसता येतं, भाताच्या खाचरात उतरता येतं. परदेशी बनावटीचा पाय बुटाशिवाय चालत नसे, तो आपल्या शेतकऱ्याच्या काय कामाचा?

हे सगळं थोर काम. पण यातला विचार असा, की माणसाला जगाजोगता करायचा. जग माणसाजोगतं करायचं, हा विचार नंतर आला, आणि तो स्वतः अपंग असलेल्या लोकांनी आणला. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांना ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर कमरेखाली पक्षाघात झाला. त्यांनी सरकारी नोकरी केली आणि १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड ही संस्था उभी केली. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचं आत्मकथन अनेकांनी वाचलं असेल. त्यांच्या संस्थेच्या वसतिगृहात चाकाची खुर्ची सगळीकडे फिरू शकते. तिथे मुलांना कोणी उचलत नाही, ती आपली आपण जातात. बाहेरच्या जगात याच मुलांना शाळेची, टपाल कचेरीची, सिनेमागृहाची पायरी अडवत होती.

जगातही याच काळात वारे फिरले होते. अमेरिकेत १९६१ साली इमारती अपंगांना सुलभ कशा कराव्यात याची पहिली मापं ठरली. जपानच्या ओकायामा शहरात १९६७ मध्ये सेइइची मियाके यांनी कल्पिलेल्या उठावदार फरशा अंधांसाठी रस्त्यात बसवल्या गेल्या. आज मेट्रोच्या आणि रेल्वेच्या फलाटांवर आपल्याला पिवळ्या फरशांची ओळ दिसते ना, तिचं मूळ तिथे आहे. आपल्यातले कित्येक जण ती शोभेची पट्टी समजून तिच्यावर सामान ठेवतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

भारतात १९९५ साली अपंग व्यक्तींसाठीचा कायदा झाला आणि फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला. वाहनं, रस्ते आणि सार्वजनिक इमारती अपंगांना वापरता येतील अशा करा, असं देशानं पहिल्यांदा कायद्यात लिहिलं. पण सोबत एक पळवाटही लिहिली. हे सारं सरकारनं आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत करायचं होतं. कुवत किती हे ठरवणार कोण? तेच सरकार. त्यामुळे कायदा पुस्तकात राहिला आणि पायऱ्या जिथल्या तिथे.

जानेवारी २००१ मध्ये एक बोलकी गोष्ट घडली. विख्यात शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या परिषदेला आले होते. नंतर ते दिल्लीला गेले. त्यांची चाकाची खुर्ची नेता यावी म्हणून कुतुबमिनारसारख्या वास्तूंवर घाईघाईनं लाकडी रॅम्प बसवले गेले. तेव्हा अपंगांच्या चळवळीतल्या लोकांनी सरळ प्रश्न विचारला, की एका पाहुण्यासाठी चार दिवसांत जे झालं, ते देशातल्या लोकांसाठी इतक्या वर्षांत का झालं नाही? म्हणजे अडचण दगडांची नव्हती आणि पैशांचीही नव्हती. अडचण होती ती हा माणूस येणार आहे हे गृहीत धरण्याची.

रॅम्पचा विषय निघालाच आहे तर एक साधा हिशेब सांगतो. चांगल्या रॅम्पचा उतार एकास बारा असावा लागतो. म्हणजे एक फूट उंची चढायची तर बारा फूट लांबी हवी. कचेरीला सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील तर दीड फुटासाठी अठरा फूट लांब रॅम्प, शिवाय कठडा आणि वर वळायला जागा. आपल्याकडे कित्येक ठिकाणी पायऱ्यांच्याच लांबीत सिमेंट ओतून घसरगुंडी केलेली असते. त्यावरून खुर्ची चढत नाही, आणि उतरताना थांबत नाही. मोखाड्याच्या पावसात त्यावर शेवाळ धरलं की चांगला माणूसही घसरेल. कागदावर मात्र रॅम्प आहे अशी नोंद होते.

आता आपल्या माणसाच्या गावातल्या शाळेकडे या. ग्रामीण महाराष्ट्रातल्या पुष्कळ जिल्हा परिषद शाळांना आज रॅम्प दिसतो. तो आला कुठून? २००१ नंतर सर्व शिक्षा अभियानातून शाळांच्या इमारती सुधारल्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा अडथळामुक्त असावी हे निकषातच घातलं. आणि तिसरी वाट मतपेटीची. २००४ च्या लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर अपंगांच्या संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. आम्ही मतदार आहोत, तर केंद्राच्या पायऱ्यांपाशी आम्हाला का अडवता, असं त्यांचं म्हणणं होतं. न्यायालयानं मतदान केंद्रांवर रॅम्प करायला सांगितलं. आपल्याकडे मतदान केंद्र म्हणजे बहुधा शाळा. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत तर ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना आणि ८५ वर्षांवरील वृद्धांना घरूनच मत देण्याची सोय देशभर झाली. मत घ्यायला पथक डोंगर चढून जाऊ शकतं, हे त्या वेळी सिद्ध झालं. मग दाखला द्यायला ते का जाऊ नये?

हा प्रश्न सूर्यमाळच्या माणसाला फार जवळचा आहे, कारण अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठीच्या खेपा अपंगालाच पुरवतात. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्याआधी जिल्ह्याच्या कामासाठी मोखाड्याच्या माणसाला शंभर किलोमीटरहून दूर ठाण्याला जावं लागे. एक वाट खोडाळ्याहून कसाऱ्याला उतरून लोकल पकडण्याची. लोकलला अपंगांसाठी राखीव डबा असतो, पण फलाट आणि डबा यांच्यातल्या फटीनं किती घात केले ते मुंबईकरांना माहीत आहे. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपरला एका तरुणीनं त्या फटीत पडून दोन्ही हात गमावले. मुंबई उच्च न्यायालयानं त्यात लक्ष घातलं आणि फलाटांची उंची ९०० मिलिमीटरच्या आसपास नेण्याचं काम वेगानं सुरू झालं. पायरी किती घातक असते हे कळायला आपल्याला इतकी किंमत मोजावी लागते.

पालघरला जिल्हा मुख्यालयाची नवी, प्रशस्त इमारत ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झाली. तरीही मोखाडा ते पालघर हे अंतर घाटवाटेनं शंभर किलोमीटरच्या आसपासच आहे. डोंगरातल्या माणसासाठी जिल्हा झाला, पण मुख्यालय किनाऱ्याच्या बाजूलाच राहिलं.

दरम्यान कायदा बदलला, शब्दही बदलला. डिसेंबर २०१५ मध्ये सुगम्य भारत अभियान सुरू झालं. त्याच महिन्यात पंतप्रधानांनी आकाशवाणीवरच्या ‘मन की बात’मध्ये ‘दिव्यांग’ हा शब्द सुचवला, आणि तो सरकारी कागदांत रुळला. अभियानाचा पहिला रोख होता पन्नास शहरांतल्या सरकारी इमारतींवर, रेल्वे स्थानकांवर आणि विमानतळांवर. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, त्यांपैकी १ कोटी ८६ लाख खेड्यांत राहत होत्या. म्हणजे दहातले जवळजवळ सात जण खेड्यात आणि पहिला रॅम्प शहरात.

२०१६ चा नवा कायदा बराच पुढचा आहे. अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस झाले. जुन्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुलभ करायच्या असं त्यात आहे. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे ती मुदत जून २०२२ मध्ये उलटली. या कायद्यात सुलभ रस्त्यांचाही उल्लेख आहे, हे आपण लक्षात ठेवलं पाहिजे. रस्ता म्हणजे फक्त महानगराचा पदपथ, असं कुठे लिहिलेलं नाही. राजीव रतुरी या दृष्टिहीन कार्यकर्त्यानं २००५ साली केलेल्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला. सुलभतेची मापं ही नुसती शिफारस असून चालणार नाही, ती बंधनकारक हवीत, असं सांगून केंद्राला तीन महिन्यांत नवे नियम करायला सांगितलं. कुवतीची पळवाट निदान कागदावर तरी बंद करण्याचा हा प्रयत्न आहे.

महाराष्ट्रानं डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग काढला आणि पुढच्या वर्षी ‘दिव्यांगांच्या दारी’ म्हणत जिल्ह्याजिल्ह्यात शिबिरं घेतली. ग्रामपंचायतींनी आपल्या उत्पन्नातले पाच टक्के अपंगांसाठी खर्चावेत असाही नियम आहे. पण डोंगरातल्या ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न पन्नास हजार धरलं, तर पाच टक्के म्हणजे अडीच हजार रुपये. त्यात ओहोळावर साकव होत नाही.

आता आपल्या माणसाकडे परत जाऊ. समजा तालुक्याच्या कचेरीला उत्तम रॅम्प झाला, एकास बारा उताराचा, कठड्यासह. तपासणीला साहेब आले, त्यांनी शेरा मारला की इमारत सुलभ आहे. आणि त्या दिवशी आपला माणूस कुठे आहे? ओहोळाच्या पलीकडे, अंगणात. त्याच्यासाठी बांधलेल्या रॅम्पवरून चपराशी सायकल चढवतो आहे.

आपण आजवर मोजमाप कचेरीच्या दारापासून सुरू केलं. ते त्या माणसाच्या दारापासून सुरू करायला हवं. कचेरीचा रॅम्प हवाच, पण त्याआधी पाड्याची पायवाट, ओहोळावरचा साकव, थांब्यावर गाडीच्या पायरीइतका उंच ओटा, आणि वर्षातून एकदा तरी पाड्याजवळ भरणारं प्रमाणपत्राचं शिबिर. यातलं काहीही चंद्रावर जाण्याइतकं अवघड नाही. ओहोळावरच्या साकवावरून कुबडीवाला जाईल, तशीच डोक्यावर हंडा घेतलेली बाई जाईल, दप्तर घेतलेलं पोर जाईल आणि रात्री-अपरात्री बाळंतीणही जाईल. अपंगाला चालता येईल अशी वाट सगळ्यांनाच चालता येते.

येत्या पावसाळ्यात सूर्यमाळला धुकं बघायला जाल तेव्हा घाटात गाडी थोडी हळू करा. रस्त्याला येऊन मिळणारी एखादी पायवाट दिसेल. ती कुठल्या पाड्यावरून येते ते विचारा. तिथे असा कोणी आहे का, आणि तो बाजाराला शेवटचा कधी आला होता, तेही विचारा. उत्तर मिळालं की ते जवळच्या ग्रामपंचायतीत सांगा, आणि जमलं तर लेखी द्या.